पहाणीत नाव कुणाचं?

मुंबईतल्या नानावटी खटल्यात 1959 साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे ज्यूरीची पद्धत मागे पडत गेली आणि 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. पण सरकारने बंद केली ती कोर्टातली ज्यूरी. घरातली कोणी बंद केली नाही. जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, दाराला कडी लागली की रात्री साडेदहाला ती टीव्हीसमोर बसते. तिच्यात सात-आठ माणसं असतात, पैकी दोन पेंगत असतात, एक मोबाईलमध्ये असतो, आणि तरी मतं मात्र अकरा-बारा निघतात. माझं म्हणणं असं की या घरगुती ज्यूऱ्यांमधली अव्वल ज्यूरी मुंबई-पुण्यात बसत नाही. ती बसते बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमापट्ट्यात, म्हणजे भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या बाजूला. बुद्धी सगळीकडे सारखीच वाटलेली आहे, म्हणजे बेताची. इथली ज्यूरी सरस ठरते ती सवयीमुळे. अर्धवट कळलेल्या गोष्टीवर पूर्ण निकाल द्यायचा नाही, ही सवय या भागाला पिढ्यान् पिढ्या लागलेली आहे, आणि खुनाच्या मालिकेला याहून लायक प्रेक्षक दुसरा कोणता असणार?

पुराव्यादाखल ‘रात्रीस खेळ चाले’ घेऊ. झी मराठीवर ही मालिका 22 फेब्रुवारी 2016ला सुरू झाली. कोकणातला नाईकांचा वाडा, सुरुवातीलाच अण्णा नाईकांचा मृत्यू, त्यासाठी गोळा झालेलं सगळं खानदान, आणि मग एकेक विपरीत प्रकार. वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीतला आणि माणसांच्या तोंडी मालवणी. पुण्याच्या प्रेक्षकाला मालवणी गोड वाटते. भालकीच्या प्रेक्षकाला ती तोंडी परीक्षा वाटते. इथली मराठी उदगीर-निलंग्याच्या वळणाची, तिच्यात कानडी आणि दखनी मुरलेली. तिला ‘खंय’ आणि ‘थंय’ ऐकू येतात, पण पोचत नाहीत. आळंदकडून आलेली कानडी माहेरची सून पहिल्याच आठवड्यात रास्त शंका काढते: “अत्ती, ह्या घरात सगळेच ह्या म्हाताऱ्याला अण्णा कसं म्हणतात? हा सगळ्यांचाच थोरला भाऊ का?” कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे तिने मनात आखलेली नाईकांची वंशावळ पार कोलमडते. शेजारच्या खालाजान आल्या की गोंधळ आणखी वाढतो. मालवणीत झील म्हणजे मुलगा. दखनीत झील म्हणजे तळं. वाड्यात कोणी झिलाच्या नावाने गळा काढला की खालाजानला तळं दिसतं, आणि “मय्यत झील में हय, लिख के लेव” असा निष्कर्ष लगेच निघतो. हा सिद्धांत महिनोन् महिने टिकू शकतो, कारण त्याच्या विरोधात पुरावा द्यायचा तर आधी मालवणी यायला पाहिजे.

आता याला कोणी अडाणीपणा म्हणेल. पण रहस्यकथेचं यंत्र चालतं कशावर, ते बघा. लेखक वाचकापासून काहीतरी लपवतो आणि वाचक रिकाम्या जागा भरतो. पुणेकराला लेखकाने ठेवल्या तेवढ्याच रिकाम्या जागा मिळतात. भालकीकराला त्यांवर भाषेच्या रिकाम्या जागा वरकड मिळतात, आणि ऐन मोक्याला लाईट गेली तर आणखी चार मिनिटांची. एकाच मालिकेच्या पैशात त्याला तिप्पट रहस्य. शिवाय ‘माहीत नाही’ हे कबूल करण्याचे चार रस्ते त्याच्याकडे आहेत: मराठीत “काय की”, कानडीत “गोत्तिल्लरी”, दखनीत “क्या मालूम”, आणि जहिराबादकडचा पाहुणा आला असेल तर तेलुगूत “तेलियदु”. चार भाषांत अज्ञान मान्य करता येणारा माणूस घाईने फाशी देत नाही.

हा गुण हवेतून आलेला नाही. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीला आणि बाराव्याच्या आरंभी, इथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली, आणि पुढे बंगाल सोडून बहुतेक भारतभर हिंदूंचा वारसाहक्क तिच्या आधारे ठरला. त्या स्मृतीत पुराव्याचे प्रकार सांगितले आहेत: लिखित, भुक्ती म्हणजे ताबा, आणि साक्षी. हे तिन्ही नसतील तर दिव्य. नऊशेहून जास्त वर्षांनी त्याच गावात टीव्हीसमोर तोच क्रम चालतो, फक्त कोणाला ठाऊक नसतं. लिखित पुरावा म्हणजे शीर्षकगीताबरोबर सरकणारी नावं आणि उद्याच्या भागाची झलक. जिचं नाव यादीत फार वर असूनही वाट्याला काम आलेलं नाही, ती संशयित. भुक्तीचं तर स्मृतीत गणितच दिलेलं आहे. आपली जमीन दुसरा आपल्या डोळ्यांदेखत वीस वर्षं कसतोय आणि आपण ब्रही काढला नाही, तर हक्क गेला. जंगम मालाला दहा वर्षं. मालिकेच्या पडद्यालाही घरातल्या आत्याबाई, म्हणजे त्या सुनेच्या सासूबाई, हाच नियम लावतात. एखादं पात्र वीस भाग नुसतं खांबाला टेकून उभं आहे, त्याला वाक्य नाही, चहा आणण्याचंही काम नाही, तर ते उगाच उभं नाही. पडद्याचा ताबा त्याने मुकाट्याने घेतलेला आहे, आणि मुकाट्याने घेतलेल्या ताब्यात काहीतरी काळंबेरं असतंच.

साक्षीदार स्मृतीला किमान तीन लागतात. टीव्हीपुढे ते आपोआप होतात, कारण कालचा भाग बघितलेले तिघेजण तो तीन तऱ्हांनी सांगतात. राहिलं दिव्य. स्मृतीत पाच दिव्यं आहेत: तराजू, अग्नी, पाणी, विष आणि कोश. मालिकेत सहावं आहे, पार्श्वसंगीत. एखाद्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळला, ढोल वाजला, आणि जाहिराती लागल्या, तर तो माणूस दिव्यातून निर्दोष बाहेर पडला असं समजायचं. ज्याच्यावर ढोल वाजतो तो खुनी नसतो, हा सिद्धांत या पट्ट्यात इतका पक्का आहे की खरा खुनी ओळखायला घरातल्या बायका ढोल न वाजलेल्या माणसांची यादी ठेवतात. विज्ञानेश्वराला हा ढोल माहीत असता तर त्याने त्यावर निदान एक टिप्पणी लिहिली असती.

घरातल्या पुरुषांचा रोख मात्र या चारही प्रमाणांकडे नसतो. त्यांचा एकच प्रश्न: “पहाणीत नाव कुणाचं?” महाराष्ट्रात जो सातबारा, तीच कर्नाटकात पहाणी. ‘भूमी’ योजनेत पहाण्या संगणकावर गेल्या, पण भानगडी बांधावरच राहिल्या. निजामाच्या काळातला कागद उर्दूत, आजोबांचं खाटेखालच्या ट्रंकेतलं टिपण मोडीत, शाळा मराठीत, पहाणी कानडीत, आणि वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत. एवढ्या पाच लिपींतून आपली तीन एकर तूर शाबूत ठेवणाऱ्या माणसाला नाईकांच्या वाड्यातली वाटणी म्हणजे बालवर्गाचा धडा. तो पहिल्या आठवड्यातच हिशेब मांडतो: म्हातारा गेला, मुलगे इतके, लेक एक, वाडा आणि कलमं इतकी, तेव्हा कोणाचा वाटा कोणाच्या मरणाने किती वाढतो ते बघा. भुताखेतांची बाजू तर तो एका वाक्यात निकालात काढतो. भुताचं नाव पहाणीवर लागत नाही, मग भुताला खून करून मिळणार काय? ही मालिका अंधश्रद्धा पसरवते अशी ओरड 2016मध्ये कोकणातून झाली होती. अंधश्रद्धेवर कायदा महाराष्ट्राने 2013मध्ये आणि कर्नाटकाने 2017मध्ये केला. पण भुताचा संशय जमिनीच्या उताऱ्याने मोडून काढण्याची ही पद्धत दोन्ही विधिमंडळांना सुचली नाही.

इथपर्यंत प्रेक्षक कथेच्या आत आहे. त्याचा खरा कस लागतो तो कथेच्या बाहेर. अनुभवी प्रेक्षक खुन्याला शोधतच नाही, तो लेखकाला शोधतो. खून कोणी केला हे शेवटी लेखकच ठरवणार, तेव्हा माग लेखकाचाच काढला पाहिजे. ‘रात्रीस खेळ चाले’ने तर यासाठी सोयच करून ठेवली होती. वाड्यातला विसरभोळा गडी पांडू, ज्याचं ‘इसारलंय’ घराघरांत पोचलं, तो साकारला होता प्रल्हाद कुडतरकरांनी, आणि मालिकेचे संवादही त्यांचेच. म्हणजे ज्याला पुढचं सगळं ठाऊक, तोच पडद्यावर डोकं खाजवत ‘मी इसारलंय’ म्हणत उभा. मिताक्षरेतल्या कुठल्या साक्षीदाराने इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं सांगितलं असेल? हे ज्यांना कळलं त्यांनी तपासाची दिशा बदलली. पांडू कोणाकडे बघतो, कोणाकडे बघायचं टाळतो, इकडे डोळे लागले. नटाने दुसरी मालिका धरली का, कोणाचे दिवस भरलेत, कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, हे सगळं पुराव्यात जमा झालं. मालिकेतल्या बाईला घाटातून ढकललं की इथे कोणी हळहळत नाही. “तिचं लग्न ठरलं असंल बघा,” एवढंच म्हणतात.

ही बाहेरून तपास करण्याची पद्धत किती पक्की आहे, हे ‘सीआयडी’ने दाखवून दिलं. ही हिंदी मालिका सोनीवर 21 जानेवारी 1998ला सुरू झाली, 2018पर्यंत चालली आणि डिसेंबर 2024मध्ये परत आली. हिंदी असल्यामुळे सीमापट्ट्यात तिच्यावर कोणत्याच भाषेचा खास हक्क नाही, सगळ्यांना ती सारखीच कळते. एप्रिल 2025मध्ये शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेल्याचं दाखवलं, वाहिनीने श्रद्धांजलीही वाहिली. लोक चिडले, हळहळले, पण जाणत्या प्रेक्षकाने एकच विचारलं: प्रेत दाखवलं का? नाही ना? मग दिवस घालायची घाई करू नका. पुढे एसीपी परत आलेच. 1893मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं तेव्हा लंडनचे वाचक बरीच वर्षं शोक आणि संताप करत बसले, आणि 1903मध्ये होम्स परत आल्यावर चकित झाले. प्रेत दिसल्याशिवाय सुतक धरायचं नाही एवढं त्यांना कोणी भालकीहून कळवलं असतं, तर दहा वर्षांचं दुःख वाचलं असतं.

पहिला आक्षेप उघड आहे. हे सगळं जगभर चालतं, मग सीमाभागाचं कौतुक कशाला? अमेरिकेत ‘डॅलस’ मालिकेतल्या जे. आर.ला मार्च 1980मध्ये गोळी लागली, आणि कोणी घातली हे कळायला नोव्हेंबर उजाडला. तो भाग आठ कोटींहून जास्त लोकांनी बघितला. आपल्याकडे कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न 10 जुलै 2015पासून 28 एप्रिल 2017पर्यंत, म्हणजे एकवीस महिने देशाला पुरला. आक्षेप खरा आहे, पण कट्टप्पाच्या प्रकरणातलाच एक तपशील माझ्या बाजूने उभा राहतो. बाकी देश कट्टप्पाने का मारलं यावर डोकं खाजवत होता, तेव्हा कर्नाटकात मुद्दा होता कट्टप्पा बोलला काय. ती भूमिका करणारे सत्यराज कावेरीच्या वादात काही वर्षांपूर्वी कन्नडिगांबद्दल जे बोलले होते ते निघालं, सिनेमा लागू देणार नाही असं आंदोलकांनी बजावलं, आणि सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी सत्यराजांनी दिलगिरी व्यक्त केली. खून का केला याचं उत्तर द्यायच्या आधी खुन्याला कर्नाटकाची माफी मागावी लागली. पात्र, नट, भाषा आणि नदी ही सगळी एकाच प्रकरणातली कागदपत्रं म्हणून वाचणारा प्रांत आहे हा. त्यातल्या सीमापट्ट्याला तर हे वाचन दोन राज्यांकडून करावं लागतं. डॅलसच्या प्रेक्षकाला एकच प्रश्न होता, गोळी कोणी घातली. इथल्या प्रेक्षकाला हद्द कोणत्या ठाण्याची, हाही असतो.

दुसरा आक्षेप ‘देवमाणूस’चा. 31 ऑगस्ट 2020ला झी मराठीवर आलेली ही मालिका सातारा जिल्ह्यातल्या वाईकडे 2016मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणावरून सुचलेली. तिच्यात खुनी पहिल्यापासून समोर: गावाने देव मानलेला बोगस डॉक्टर, किरण गायकवाडने उभा केलेला. मग तर्क करायला उरलं काय? उलट तर्काला इथे बहर आला. ‘कोण’ संपलं की ‘कधी’ सुरू होतं, आणि ‘कधी’ला तर अंतच नाही. ‘कोण’च्या मालिकेत प्रेक्षक न्यायाधीश असतो, ‘कधी’च्या मालिकेत तो एकटा साक्षीदार होतो, आणि त्याची साक्ष ऐकायला कोणी नसतं. म्हणून तो ओरडतो. डॉक्टरने दवाखान्याचं दार लावून घेतलं की ज्या आत्याबाई एरवी अंबाडीची पानं खुडताना मान वर करत नाहीत, त्यांच्या मांडीवरून सूप घसरतं: “नको जाऊ गं माय आत! मेल्याला सुईसुद्धा धरता येईना!” पडद्यावरची बाई ऐकत नाही. ती आत जाते. पानं गोळा करायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात बाईचं व्हायचं ते होऊन जातं. हा आक्रोश वायाच जातो का? माझ्या मते नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आत्याबाई नवीन डॉक्टरच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र जवळ जाऊन वाचतात. कानडीत असलं तर सुनेकडून वाचून घेतात.

तिसरा आक्षेप जरा कडवट आहे. एवढे तर्क लढवून शेवटी मिळतं काय? ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व 22 ऑक्टोबर 2016ला, बरोबर आठ महिन्यांनी संपलं. खुनी कोण ते इथे सांगत नाही. लंडनमध्ये 1952पासून चालणाऱ्या ‘माऊसट्रॅप’ नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना गुपित फोडू नका अशी विनंती करतात, तो शिष्टाचार पाळू. पण शेवट बघून पुष्कळांचा चेहरा पडला, हे सांगायला हरकत नाही. “एवढंच?” हा शब्द त्या रात्री पुष्कळ दिवाणखान्यांत उमटला असेल. निर्मात्यांनी पुढची पर्वं आणली. 2019च्या पर्वात मागे जाऊन मेलेल्या अण्णांनाच नायक केलं, आणि लोक त्या पर्वातल्या शेवंता या पात्राच्या पायी पहिला शेवट विसरले. पण शेवट पडणारच होता, आणि त्यात लेखकाचा दोष नाही. एका लेखकाचा एक खुनी, आणि समोर एकेका घरातले अकरा-अकरा खुनी, तेही पहाणी, ढोल, तळं आणि बाळंतपण यांच्या पुराव्यासह. एकाने अकरांना हरवायचं कसं? तुरीची रास होते तेव्हा घरात येतो तो दाणा बघून शेतकरी खूश होतो किंवा नाराज होतो, पण सहा महिने शेतात जे गेलं ते वाया गेलं असं कोणी म्हणत नाही. मालिकेचा शेवट हा दाणा. तर्क हे शेत.

आता या सगळ्याची गरज काय, हे बीदरच्याच जुन्या वजिराच्या खुनावरून सांगता येतं. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गावान. त्याने 1472मध्ये बीदरला मदरसा बांधला, दूरदूरचे पंडित आणि ग्रंथ जमवले, कारभाराला शिस्त लावली, आणि शिस्त लावणाऱ्याला जेवढे शत्रू होतात तेवढे केले. शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला दारू पाजली, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि वर ओरिसाच्या राजाला फितुरीचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं. सुलतान तिसरा मुहम्मदशहा, तोही प्यालेला. पत्र दाखवलं, शिक्का ओळखीचा निघाला, आणि एप्रिल 1481मध्ये म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. खरं काय ते सुलतानाला मागाहून कळलं. तो पस्तावला आणि पुढच्याच वर्षी वारला. हेच कथानक आज रात्री साडेदहाला लावा. पहिल्या दहा मिनिटांत सून विचारील, शिक्का वजिराचा तर अक्षर कुणाचं? आत्याबाई विचारतील, शिक्केवाल्याला आदल्या रात्री कोणी पाजलं, आणि फुकट कशाला पाजलं? खालाजान म्हणतील, एवढा शहाणा माणूस फितुरीच्या चिठ्ठीवर स्वतःचाच शिक्का मारतो व्हय? आणि खाटेवरून आवाज येईल: वजीर गेला तर त्याची जहागीर कुणाच्या नावावर चढते ते बघा आधी. सुलतानापाशी फौज होती, खजिना होता. एक बिनपगारी ज्यूरी तेवढी नव्हती.

एक आक्षेप मात्र हसून टाळता येत नाही. याच बीदर जिल्ह्यात, मुरकी गावाजवळ, 13 जुलै 2018ला मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरली. हैदराबादहून आलेल्या काही जणांनी पोरांना चॉकलेट दिलं होतं, एवढाच काय तो पुरावा. गाडी अडवली गेली, जमाव तुटून पडला आणि एका तरुणाचा जीव गेला. मग कुठे गेली ती चार भाषांची सावध ज्यूरी? या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते बचावाचं नाही. ती ज्यूरी बसलीच नव्हती. रस्त्यावर अकरा मतं नव्हती, एकच होतं. “काय की” म्हणणारं कोणी नव्हतं. प्रेत दाखवलं का, फायदा कुणाचा, हे जे आत्याबाई नाईकांच्या वाड्याला आठ महिने विचारत राहिल्या, ते त्या संध्याकाळी आठ मिनिटंही कोणी विचारलं नाही. दरबारात एका चिठ्ठीने जे केलं ते रस्त्यावर एका मेसेजने केलं. दोन्हीकडे माणसं मूर्ख नव्हती. दोन्हीकडे फक्त संशय कमी पडला. संशय म्हणजे समोरच्या माणसाबद्दलचा नव्हे, तो भरपूर होता. कमी पडला तो समोर आलेल्या पुराव्याबद्दलचा.

म्हणून रात्री साडेदहाला टीव्हीपुढे वेळ घालवणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. तिथे एक फार जुनी विद्या फुकट शिकवली जाते. कागद दिसला म्हणून खरा धरू नये, ढोल वाजला म्हणून गुन्हेगार ठरवू नये, आणि न कळलेली गोष्ट न कळलेलीच ठेवायला लाजू नये. तिची शिकवणी मालिका संपली की संपते, हीच तिच्यातली खोट. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच आहे, की टीव्ही बंद केल्यावर ज्यूरी बरखास्त करू नका. मोबाईलवर पुढच्या वेळी कोणाच्या फोटोखाली ‘हाच तो’ असं लिहून आलं, तर पुढे पाठवण्याआधी तो घरातल्या आत्याबाईंना एकदा दाखवा. त्या चष्मा पुसतील, फोटो लांब धरून बघतील, आणि विचारतील, “हे आणलं कोणी?” तिथपासून तपास सुरू करा.